द्रवश्वसन : अतिदक्षता विभागातील एक प्रयोग आणि वैद्याचा विवेक

प्रास्ताविक

रुग्ण अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वसनयंत्रावर असतो आणि त्याचे नातेवाईक बाहेर बाकावर बसून मिळेल त्या वार्तेचा आधार शोधत असतात. 'फुप्फुसात औषधी द्रव भरून श्वास चालविण्याचे नवे तंत्र निघाले आहे, आमच्या माणसाला त्यासाठी मुंबईस न्यावे काय?' असा प्रश्न अशा वेळी गावातील वैद्याकडे येतो. कारण त्या कुटुंबाचा पहिला आणि जवळचा चिकित्सक तोच असतो. रावेर, सावदा, फैजपूर या परिसरात सेवा करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना हा अनुभव नवा नाही. शिवाय आयुर्वेद पदवीधरांचा आणि अतिदक्षता विभागाचा संबंध आता केवळ कानावरचा राहिलेला नाही. राज्यात २०१४ मध्ये '१०८' ही रुग्णवाहिका सेवा ९३७ वाहनांनिशी सुरू झाली, तेव्हापासून त्या वाहनांत रुग्णाजवळ बसणाऱ्या डॉक्टरांत आयुर्वेद पदवीधरांची संख्या मोठी आहे. खाजगी रुग्णालयांत निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून रात्रपाळी सांभाळणारेही पुष्कळदा तेच असतात.

म्हणून द्रवश्वसन म्हणजे काय, त्यामागील शास्त्र कोणते, मनुष्यावर त्याची परीक्षा झाली तेव्हा काय आढळले आणि आज त्याचे स्थान कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. अलीकडे हाच द्रव गुदमार्गाने देण्याचे प्रयोग झाले आहेत. बस्तिचिकित्सेची परंपरा सांगणाऱ्या आपल्या व्यवसायाने त्यासंबंधी विशेष सावधपणे बोलणे आवश्यक असल्याने त्या विषयाचाही परामर्श घेतला आहे.

आरंभी एक खुलासा. मराठीत 'प्राणवायू' हा शब्द रूढीने ऑक्सिजनसाठी वापरला जातो, परंतु आयुर्वेदातील प्राणवायू हा पंचविध वायूंपैकी एक असून त्याचे स्थान व कर्म शास्त्रात स्वतंत्रपणे वर्णिलेले आहे. एकाच शब्दाने दोन अर्थ सूचित झाले की विचारात घोटाळा होतो. म्हणून या लेखात त्या वायूचा निर्देश सर्वत्र 'ऑक्सिजन' असाच केला आहे.

पाण्यात जीव का गुदमरतो?

द्रव फुप्फुसात भरूनही मनुष्य जगू शकतो, हे विधान प्रथम ऐकताना विपरीत वाटते. तापीच्या डोहात किंवा शेतातील विहिरीत बुडून झालेले मृत्यू आपण पाहिलेले आहेत. तेव्हा पाणी मारक का आणि हा विशिष्ट द्रव तारक कसा, हे प्रथम पाहिले पाहिजे.

याची कारणे मुख्यतः दोन. पहिले कारण ऑक्सिजनच्या विद्राव्यतेचे. शुद्ध ऑक्सिजन वातावरणाच्या दाबाने पाण्यात पूर्णपणे मिसळू दिला, तरी शरीराच्या तापमानाला १०० मि.ली. पाण्यात तो जेमतेम अडीच मि.ली. सामावतो. आपल्या रक्ताच्या १०० मि.ली.मध्ये रक्तरंजकाच्या योगाने सुमारे २० मि.ली. ऑक्सिजन असतो. विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ मनुष्यास दर मिनिटाला सुमारे २५० मि.ली. ऑक्सिजन लागतो. ही गरज पाण्यातून भागवावयाची तर दर मिनिटाला किमान दहा लिटर पाणी फुप्फुसातून आत-बाहेर करावे लागेल, आणि तेही त्यातील ऑक्सिजनचा कण न् कण शोषला जाईल असे गृहीत धरून. हे अशक्य आहे.

दुसरे कारण पृष्ठताणाचे. फुप्फुसातील कोट्यवधी वायुकोषांच्या आतील पृष्ठावर ओलाव्याचा पातळ थर असतो. पाण्याचा पृष्ठताण अधिक असल्याने हा थर वायुकोषास सतत आत ओढतो आणि मिटवू पाहतो. त्यास प्रतिबंध करणारा, साबणासारखा पृष्ठताण कमी करणारा 'सर्फॅक्टंट' नावाचा पदार्थ फुप्फुस स्वतः तयार करते. बुडताना फुप्फुसात शिरलेले पाणी थोडे असले तरी ते हा थर बिघडविते. मग वायुकोष मिटतात, त्यांतून रक्त जाते पण त्यास ऑक्सिजन मिळत नाही. रुग्णास पाण्याबाहेर काढल्यावरही काही तासांनी त्याचा श्वास बिघडतो, त्याचे कारण हेच.

सुश्रुतांनी सूत्रस्थानात शल्यापनयनीय अध्यायात बुडालेल्या मनुष्याचा विचार केला आहे. त्याचे डोके खाली करून उदर दाबावे, त्यास हलवावे, वमन करवावे अथवा राखेच्या राशीत मुखापर्यंत पुरावे, असे उपाय तेथे येतात. बुडालेल्याचा जीव वाचविण्याचा विचार इतक्या प्राचीन काळी ग्रंथात यावा, हे त्या शास्त्राचे मोठेपण होय. परंतु आजचा नियम वेगळा आहे आणि तो आपण निःसंकोचपणे पाळला पाहिजे. पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये, कारण त्यामुळे उलटी होऊन ती श्वासमार्गात जाते. श्वास थांबला असेल तर प्रथम तोंडाने वा अंबू बॅगेने कृत्रिम श्वास द्यावेत, नाडी लागत नसल्यास छातीवर दाब देण्यास आरंभ करावा आणि ऑक्सिजन लवकरात लवकर लावावा. बुडालेल्या मनुष्याचा पहिला अभाव ऑक्सिजनचा असतो, हे ध्यानात ठेवले म्हणजे क्रम आपोआप ठरतो.

पर्फ्लुरोकार्बन : एक विलक्षण द्रव

द्रवश्वसनासाठी वापरला जाणारा द्रव पर्फ्लुरोकार्बन या वर्गातील आहे. कार्बनच्या साखळीवरील हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन बसविले म्हणजे हे पदार्थ बनतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या अणुप्रकल्पात युरेनियमची अतिदाहक संयुगे हाताळण्यासाठी रासायनिक दृष्ट्या निष्क्रिय द्रवाची गरज भासली, आणि त्यातून या रसायनांच्या अभ्यासास चालना मिळाली. ते रंगहीन व गंधहीन असून शरीरात त्यांचे पचन वा रूपांतर होत नाही. ते पाण्यात मिसळत नाहीत आणि बहुतांशी उच्छ्वासावाटे बाष्परूपाने बाहेर पडतात.

या वर्गातील पर्फ्लुब्रॉन हा द्रव फुप्फुसासाठी सर्वाधिक अभ्यासिला गेला. त्याच्या १०० मि.ली.मध्ये सुमारे ५० मि.ली. ऑक्सिजन विरघळतो, म्हणजे पाण्याच्या वीसपट. कार्बन डायऑक्साइड तर २०० मि.ली.हून अधिक विरघळतो. त्याचा पृष्ठताण पाण्याच्या सुमारे एक-चतुर्थांश आहे. तो पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड आहे. त्यामुळे तो उताण्या रुग्णाच्या फुप्फुसात पाठीकडच्या, म्हणजे नेमक्या मिटलेल्या भागात जाऊन बसतो आणि तेथील वायुकोष आतून उघडे धरतो. वायुकोषांतील स्राव व मृत पेशी त्यापेक्षा हलक्या असल्याने वर तरंगतात आणि नळीने शोषून काढता येतात.

याच कुळातील द्रव आपल्याकडील नेत्रशल्यचिकित्सकांच्या परिचयाचे आहेत. सुटलेला दृष्टिपटल जागी बसविताना डोळ्यात काही वेळापुरता जड द्रव भरतात, तो पर्फ्लुरोकार्बनच असतो.

द्रवश्वसनाचे दोन प्रकार मानले जातात. पूर्ण द्रवश्वसनात फुप्फुस द्रवाने संपूर्ण भरतात आणि विशेष यंत्राने ऑक्सिजनयुक्त द्रवच आत-बाहेर खेळवितात. आंशिक द्रवश्वसनात फुप्फुसात ठराविक मात्रेत द्रव सोडतात आणि त्यावर नेहमीच्या कृत्रिम श्वसनयंत्राने वायूचा श्वास चालू ठेवतात. दुसऱ्या प्रकारास नवे यंत्र लागत नसल्याने मोठ्या परीक्षा त्याच्याच झाल्या.

येथे एक गणित उद्बोधक आहे. पूर्ण द्रवश्वसनात द्रव जड आणि घट्ट असल्याने मिनिटाला चार-सहा वेळाच खेळविता येतो. ६० किलो वजनाच्या रुग्णास प्रत्येक वेळी ९०० मि.ली. द्रव मिनिटाला पाच वेळा दिला, असे धरू. म्हणजे साडेचार लिटर द्रव, आणि त्याबरोबर सव्वादोन लिटर ऑक्सिजन गेला. गरज पाव लिटरची असताना हा पुरवठा विपुल आहे. आता उलट बाजू पाहू. कार्बन डायऑक्साइडचा दाब रक्तात पाऱ्याच्या ४० मि.मी. एवढाच असतो, आणि तेवढ्या दाबाने १०० मि.ली. द्रवात तो सुमारे ११ मि.ली.च उतरतो. साडेचार लिटरमध्ये फार तर ५०० मि.ली. श्वसनमार्गात वाया जाणारा द्रव आणि द्रवातील मंद प्रसरण लक्षात घेता प्रत्यक्षात याहून बरेच कमी. शरीर विश्रांतीत मिनिटाला सुमारे २०० मि.ली. कार्बन डायऑक्साइड निर्माण करते आणि तीव्र ज्वरात, जंतुसंसर्गात त्यात मोठी वाढ होते. तात्पर्य, द्रवश्वसनात ऑक्सिजन देणे सोपे, मल काढणे अवघड. पोषणापेक्षा मलविसर्जनावर गाडी अडते, हे तत्त्व वैद्यास परके वाटू नये.

प्रयोगांचा क्रम

झुरिच येथे काम करणाऱ्या कुर्ट फॉन नेअरगार्ड यांनी १९२९ मध्ये असे दाखविले की हवेपेक्षा द्रवाने फुप्फुस फुगविण्यास दाब कमी लागतो. वायुकोषातील हवा व पाणी यांची सीमाच नाहीशी झाल्याने पृष्ठताणाचा विरोध उरत नाही, हा त्याचा अर्थ. १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी व जेरे मीड यांनी अपुऱ्या दिवसांच्या बालकांचा श्वास सर्फॅक्टंटच्या अभावामुळे कोंडतो, हे सिद्ध केले.

१९६२ मध्ये हॉलंडमधील योहान्नेस किलस्ट्रा यांनी मोठ्या दाबाखाली ऑक्सिजन विरघळविलेल्या क्षारजलात उंदीर बुडवून ते काही काळ श्वास घेत जगतात, हे दाखविले. परंतु इतका दाब रुग्णावर वापरणे असंभव होते आणि क्षारजलातून कार्बन डायऑक्साइड पुरेसा निघत नव्हता. १९६६ मध्ये लेलंड क्लार्क आणि फ्रँक गोलन यांनी क्षारजलाच्या जागी द्रवरूप फ्लुरोकार्बन वापरले. साध्या वातावरणीय दाबाखाली त्यात बुडविलेले उंदीर द्रवाचा श्वास घेत राहिले आणि बाहेर काढल्यावरही जगले. रक्तातील ऑक्सिजन मोजणारा विद्युदग्र ज्यांनी शोधला तेच हे क्लार्क. त्या शोधाच्या आधारावरच आजची रक्तवायू तपासणी उभी आहे.

यानंतर थॉमस शॅफर यांच्या गटाने फिलाडेल्फिया येथे प्राण्यांवर दीर्घकाळ काम केले. जे ग्रीनस्पॅन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मनुष्यावरील पहिला अनुभव प्रसिद्ध केला. सर्व उपाय थकलेल्या, मृत्यूच्या दारातील अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या फुप्फुसांत काही मिनिटे द्रव खेळविण्यात आला. फुप्फुसाची लवचिकता सुधारली, परंतु ती बालके अखेर वाचली नाहीत. १९९१ मध्ये ब्रॅडली फर्मन यांनी प्राण्यांवर आंशिक द्रवश्वसनाची रीत दाखविली आणि मार्ग सुकर झाला. १९९६ मध्ये अत्यवस्थ अशा १३ अपुऱ्या दिवसांच्या बालकांवरील अनुभव प्रसिद्ध झाला. द्रव दिल्यापासून तासाभरात त्यांच्या रक्तातील ऑक्सिजनचा दाब दुपटीहून अधिक वाढला आणि आठ बालके जगली. त्याच सुमारास मिशिगन येथे रोनाल्ड हर्शल यांनी प्रौढ रुग्णांवरही अनुकूल अनुभव नोंदविले.

या टप्प्यावर आशा शिगेला पोहोचली होती. यंत्रावरील आकडे सुधारत होते आणि कारणमीमांसा निर्दोष वाटत होती. उणीव एकच होती. द्रव दिलेले आणि न दिलेले असे तुल्य रुग्णांचे दोन गट शेजारी ठेवून, कोण अधिक जगतो हे कोणी पुरेशा संख्येने पाहिले नव्हते.

२००६ ची कसोटी

ती उणीव रॉबर्ट कॅकमॅरेक व सहकाऱ्यांच्या अभ्यासाने भरून काढली. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिका, कॅनडा आणि युरोपातील अतिदक्षता विभागांत, तीव्र श्वसनविकार लक्षणसमूह म्हणजे 'एआरडीएस' झालेल्या ३११ प्रौढ रुग्णांची चिठ्ठीपद्धतीने तीन गटांत विभागणी झाली. एका गटास नेहमीचे कृत्रिम श्वसन, दुसऱ्यास वजनाच्या दर किलोस १० मि.ली. आणि तिसऱ्यास २० मि.ली. पर्फ्लुब्रॉनसह आंशिक द्रवश्वसन देण्यात आले.

अठ्ठावीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण नेहमीच्या उपचारात १५ टक्के, अल्पमात्रेच्या गटात २६.३ टक्के आणि अधिक मात्रेच्या गटात १९.१ टक्के आढळले. मृत्यूमधील हा भेद संख्याशास्त्राच्या कसोटीस पूर्णपणे उतरत नसला, तरी द्रवापासून लाभ झाल्याची खूण कोठेच नव्हती. यंत्राविना काढलेले दिवसही नेहमीच्या उपचाराच्या गटातच अधिक होते, सरासरी १३ दिवस. द्रव दिलेल्या गटांत ते ७.४ आणि ९.९ इतके भरले. छातीत हवा साठणे, रक्तदाब उतरणे आणि ऑक्सिजन एकाएकी घटणे हे उपद्रवही द्रव दिलेल्यांत अधिक झाले.

असे का व्हावे? जड द्रवाने अंशतः भरलेल्या फुप्फुसात वरून वायू लोटला की तो उघड्या राहिलेल्या थोड्या भागातच शिरतो आणि तो भाग अवाजवी ताणला जातो, हे एक स्पष्टीकरण दिले जाते. कारण काही असो, निष्कर्ष उघड आहे. रक्तातील ऑक्सिजनचा आकडा सुधारणे आणि रुग्ण वाचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लक्षण शमले म्हणजे व्याधी शमली असे नाही, हे आपण शिष्यांना नित्य सांगतो. यंत्रावरच्या आकड्यासही तोच न्याय लागू आहे. या अभ्यासानंतर प्रौढांच्या नित्य उपचारात द्रवश्वसनास स्थान मिळाले नाही. संशोधन मात्र थांबलेले नाही. कॅनडातील शेरब्रुक विद्यापीठात पूर्ण द्रवश्वसनाचे यंत्र विकसित झाले. हृदयक्रिया थांबून पुन्हा सुरू झाल्यावर मेंदूच्या रक्षणासाठी थंड द्रवाने फुप्फुसामार्गे शरीर झपाट्याने शीत करण्याचे प्रयोग फ्रान्समध्ये रेनो तिसिए यांच्या गटाने सशांवर केले.

साध्या उपायांचे यश

द्रवश्वसनाची चर्चा चालू असतानाच्या काळात एआरडीएसच्या चिकित्सेत खरी सुधारणा झाली ती दोन साध्या गोष्टींनी. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ८६१ रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात प्रत्येक श्वासाची मात्रा आदर्श वजनाच्या दर किलोस १२ मि.ली.ऐवजी ६ मि.ली. ठेवल्याने मृत्यूचे प्रमाण ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आले. आजारी फुप्फुसास कमी ताण द्यावा, एवढेच त्याचे सार. त्यानंतर २०१३ मध्ये फ्रान्समधील क्लोद गेरँ व सहकाऱ्यांनी अतिगंभीर रुग्णांना दिवसातून सोळा तासांहून अधिक वेळ पालथे निजविण्याचा परिणाम तपासला. ४६६ रुग्णांच्या या अभ्यासात अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू ३२.८ वरून १६ टक्क्यांवर उतरले. पाठीकडील मिटलेले वायुकोष उघडण्याचे जे काम जड द्रवाने अपेक्षित होते, ते रुग्णाची कूस बदलून साधले.

२०२० आणि २०२१ च्या कोविड साथीत आपल्या जिल्ह्यातील रुग्णालयांतही पालथे निजविण्याची ही रीत सर्वांच्या डोळ्यांसमोर रूढ झाली. तिला लाखोंचे यंत्र लागत नाही. लागतात ती जाणती माणसे, दोन उशा आणि नळ्या सांभाळण्याची दक्षता.

गुदमार्गाने ऑक्सिजन : नवा प्रयोग

आता अलीकडच्या घडामोडीकडे वळू. चिखलात राहणारा लोच जातीचा मासा पाण्यातील ऑक्सिजन कमी पडला की हवा गिळून आतड्यातून ऑक्सिजन शोषतो. या निरीक्षणावरून जपानमधील ताकानोरी ताकेबे यांच्या गटाने २०२१ मध्ये उंदीर व डुकरे यांवर प्रयोग प्रसिद्ध केले. ऑक्सिजनयुक्त पर्फ्लुरोडेकॅलिन द्रव गुदमार्गाने दिल्यावर ऑक्सिजनअभावी अत्यवस्थ झालेल्या प्राण्यांची स्थिती सुधारली. या कामास २०२४ चे विनोदी स्वरूपाचे, तरी विचारप्रवर्तक 'इग नोबेल' पारितोषिक मिळाले. २०२५ मध्ये मनुष्यावरील पहिला अभ्यास प्रसिद्ध झाला. २७ निरोगी जपानी पुरुषांना २५ ते १५०० मि.ली. द्रव गुदमार्गाने देऊन साठ मिनिटे धारण करावयास सांगितले. वीस जणांनी पूर्ण वेळ धारण केले. मोठ्या मात्रेत पोट फुगणे व दुखणे झाले, गंभीर उपद्रव आढळला नाही. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की या अभ्यासातील द्रव ऑक्सिजनविरहित होता. पाहिली गेली ती केवळ सुरक्षितता. ऑक्सिजन प्रत्यक्ष मिळतो की नाही, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नव्हता.

आयुर्वेदीय दृष्टीने विचार

हे वाचताना वैद्याच्या मनात काही साम्ये सहज उभी राहतील. चरकांनी विमानस्थानात प्राणवह स्रोतसांचे मूळ हृदय व महास्रोतस असे सांगितले आहे, तर सुश्रुतांनी हृदय व रसवाहिनी धमन्या असे. प्राणवह स्रोतसाच्या मुळाशी महास्रोतस का असावे, हा आपल्या विद्यार्थ्यांचा जुना प्रश्न आहे. शार्ङ्गधरांनी श्वसनाचे वर्णन करताना प्राणपवनाचा आरंभ नाभीपासून मानला आहे. निरूहाची परममात्रा द्वादशप्रसृत म्हणजे चोवीस पल, एक पल ४८ ग्रॅम धरल्यास सुमारे ११५० ग्रॅम, आणि त्याच्या प्रत्यागमनाचा परमकाल एक मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटे. जपानमधील अभ्यासाची मात्रा व काल यांच्या निकट आहेत. आतडे किती द्रव किती वेळ सुखाने धरू शकते, याविषयी आचार्यांचे निरीक्षण किती सूक्ष्म होते, याची ही साक्ष म्हणता येईल.

परंतु साम्य येथेच संपते. निरूहाचे कार्य दोषशोधनाचे आणि वातशमनाचे आहे. त्यातील क्वाथ, मध, सैंधव व स्नेह यांत ऑक्सिजन वाहून नेण्याचे सामर्थ्य पाण्याहून निराळे असल्याचा पुरावा नाही, आणि पाण्याचे सामर्थ्य किती अल्प आहे हे वर पाहिलेच. महास्रोतसाचा उल्लेख ज्या अर्थाने आला, त्याचे विवेचन शास्त्राच्या परिभाषेतच झाले पाहिजे. जपानी प्रयोगाचा हवाला देऊन ते सिद्ध झाल्याचे सांगणे म्हणजे दोन्ही शास्त्रांवर अन्याय होय.

याहून महत्त्वाची गोष्ट व्यवहाराची आहे. ऑक्सिजन उतरलेल्या रुग्णास बस्ती देऊन श्वास सुधारेल, अशी कल्पना उद्या कोणी मांडल्यास तिला शास्त्राचाच आधार देऊन नकार दिला पाहिजे. चरकांनी सिद्धिस्थानात निरूहास अयोग्य अशा रुग्णांची जी गणना केली आहे, तीत श्वास, कास आणि हिक्का यांनी पीडित रुग्ण स्पष्टपणे येतात. धाप लागलेल्या रुग्णास कुशीवर निजवून बस्ती देण्यात जी वीस-पंचवीस मिनिटे जातील, ती त्याच्या जीवितातून वजा होतील.

आपल्या परिसरातील व्यवहार

श्वास दोन रीतींनी निकामी होतो. एकात फुप्फुसाचा भाता चालविणारे स्नायू किंवा मेंदूची आज्ञा थांबते, फुप्फुस मात्र निरोगी असते. दुसऱ्यात भाता चालतो, परंतु फुप्फुसाचे वायुकोषच भरलेले वा मिटलेले असतात. द्रवश्वसनाचा सर्व विचार दुसऱ्या प्रकारासाठी झाला. केळीच्या बागांत आणि शेतघरांत आपल्याला पुष्कळदा भेटतो तो पहिला प्रकार, आणि तो साध्या साधनांनी वाचविता येतो.

मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्यास चावते. दंश दुखत नाही, खूणही अनेकदा दिसत नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होऊन मिटणे, गिळता न येणे, मान न सावरणे ही लक्षणे दिसली की श्वासाचे स्नायू लवकरच थकणार, हे जाणावे. अशा रुग्णास प्रतिसर्पविष व श्वसनयंत्र असलेल्या ठिकाणी नेईपर्यंत अंबू बॅगेने श्वास देत राहिल्यास तो पूर्ण बरा होऊ शकतो. सेंद्रिय फॉस्फरस कीटकनाशकांच्या विषबाधेत स्राव आणि स्नायुदौर्बल्य दोन्ही असतात. तेथे मुखातील स्राव काढणे, अॅट्रोपिन आणि श्वासाचा आधार यांस विलंब चालत नाही.

न्यूमोनिया, जंतुदोष किंवा बुडण्यानंतरचा दुसरा प्रकार ओळखण्यास बोटावरील ऑक्सिमीटर आणि घड्याळ पुरेसे आहेत. प्रौढात श्वासाची गती मिनिटाला तीसच्या वर, ऑक्सिजनचे प्रमाण ९० टक्क्यांखाली, वाक्य एका दमात पुरे न होणे, नवा गोंधळ वा झापड यांपैकी काहीही आढळले तर ऑक्सिजन लावून रुग्णास हलवावे. बोट थंड असल्यास किंवा नखास रंग असल्यास आकडा फसवा येतो. धुराने गुदमरलेल्या रुग्णात तो खोटाच चांगला दिसतो. दीर्घकालीन तमकश्वासाच्या धूम्रपानी वृद्धास ऑक्सिजन बेताने, ८८ ते ९२ टक्क्यांचे लक्ष्य ठेवून द्यावा. इतरांस ९२ ते ९६ पुरे.

रावेरहून जळगावी पोहोचण्यास दीड-दोन तास लागतात. बऱ्हाणपूर जवळ असले तरी राज्य निराळे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी सोय वाढली आहे. तरी वाटेतील हा काळ वैद्याने आणि १०८ मधील सहकाऱ्याने सांभाळावयाचा असतो. निघण्यापूर्वी दूरध्वनी करून यंत्र रिकामे असल्याची खात्री करणे, सिलिंडरमधील साठा अंतराशी ताडून पाहणे आणि बरोबर अंबू बॅग घेणे ही कामे पाच मिनिटांची आहेत.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर. नातेवाइकांना असे सांगावे : 'हा द्रव खरा आहे, त्यात श्वासही चालतो. परंतु मोठ्या रुग्णांत त्याने जीव वाचल्याचे दिसले नाही, त्रास मात्र वाढला. म्हणून तो नित्य उपचार झालेला नाही. आपला रुग्ण आज ज्या यंत्रावर आहे, त्यावर श्वासाची मात्रा बेताची आहे ना, पालथे निजविण्याचा विचार झाला का, हे तेथील डॉक्टरांना नम्रपणे विचारा.' एवढ्याने त्या कुटुंबाची शेतीवरील कर्जात आणि व्यर्थ प्रवासात होणारी होरपळ टळू शकते, आणि रुग्णाचा हलविण्यातील धोकाही.

उपसंहार

द्रवश्वसनाचा इतिहास पराभवाचा मानण्याचे कारण नाही. पृष्ठताणाचे ज्ञान, सर्फॅक्टंटची चिकित्सा आणि मिटलेले फुप्फुस उघडे ठेवण्याचे तत्त्व या वाटेवर पुष्ट झाले. अज्ञात औषधाविषयी चरकांनी आरंभीच इशारा दिला आहे, आणि औषध ज्ञात होते ते परीक्षेने. १९६६ चा उंदीर जगला, १९९६ ची आठ बालके जगली, तरी २००६ ची परीक्षा टाळता आली नाही. आपल्या शास्त्रातील द्रव्ये व कर्मे यांविषयीही हाच धीर आणि हीच कठोरता आपण बाळगली, तर रुग्णाने वैद्यावर ठेवलेला विश्वास सार्थ ठरेल.